मेसोसोम जिवाणूत नसतोच म्हणे, मग फोटोत काय दिसत होतं?

भीमातीर

नमस्कार मंडळी. मी पंढरपूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. सध्या अकरावीला पेशीचा धडा चालू आहे. जिवाणूंच्या पेशीत प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) आत वळून पिशव्या, नळ्या आणि पापुद्रे तयार होतात, त्याला मेसोसोम म्हणतात, आणि तो पेशीभित्तिका बांधणं, डीएनएचं वाटप, श्वसन अशी कामं करतो, असं पुस्तकात आहे. एका विद्यार्थिनीनं इंटरनेटवर वाचलं की मेसोसोम प्रत्यक्षात नसतो, नमुना तयार करताना तो निर्माण होतो. तिनं भर वर्गात विचारलं, "मॅडम, नसेल तर ज्यांनी फोटो काढले त्यांना काय दिसलं?" मागच्या बाकावरून लगेच दुसरा प्रश्न आला, "मग उद्या पेशीतला गॉल्जी पिंडसुद्धा तसाच निघाला तर?"

मी त्यांना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे. मुलं हुशार आहेत, "परीक्षेपुरतं लक्षात ठेवा" म्हणून त्यांना गप्प करणं मला पटत नाही. कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर सविस्तर सांगाल का? फोटो खोटे होते का? नसलेली वस्तू इतकी वर्षं इतक्या लोकांना कशी दिसली?

रानजाई

मी प्रवेश परीक्षेच्या मुलांना शिकवतो, म्हणून आधी परीक्षेचं सांगतो. प्रश्न पुस्तकावरून निघतो, उत्तरही पुस्तकाप्रमाणेच धरतात. तेव्हा मेसोसोमचं काम विचारलं तर पुस्तकातलं लिहायचं, हे मुलांना स्पष्ट सांगा, गुण जायला नकोत. पण खरं काय तेही त्याच तासाला सांगा. दोन्ही गोष्टी मुलांना झेपतात. बाकीचं जाणकार सांगतीलच, मलाही वाचायचं आहे.

काचसुरी

भीमातीर, तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं बरोबर आहे. आणि ज्यांनी फोटो काढले तेही खरंच सांगत होते. फिल्मवर जे उमटलं ते त्या कापात होतंच. जिवंत जिवाणूत ते होतं का, एवढाच वाद आहे.

माझी नोकरी एका संशोधन संस्थेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी विभागात झाली, काम मुख्यतः नमुने तयार करण्याचं. उत्तर जरा लांबेल, कारण या विषयातलं बरंचसं फोटोच्या आधीच घडतं आणि नेमकं तेच पुस्तकात येत नाही.

इलेक्ट्रॉन हवेतून सरळ जात नाहीत, म्हणून मायक्रोस्कोपच्या नळीत निर्वात करावं लागतं. ओली पेशी तशीच आत ठेवली तर तिच्यातलं पाणी उडून जाईल आणि ती कोलमडेल. म्हणून आधी पेशी फिक्स करायची, म्हणजे आहे त्या स्थितीत रसायनानं पक्की करायची. जिवाणूंसाठी त्या काळी मुख्यतः ऑस्मियम टेट्रॉक्साइड वापरत. ते फिकट पिवळ्या स्फटिकांच्या रूपात बंद काचनळीत येतं. त्याची वाफ डोळ्यांना फार घातक असते, म्हणून नळी फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच, फोडायची. पटलांतल्या मेदाशी त्याचा संयोग होतो आणि पटलं काळी दिसू लागतात. फिक्स झालं की अल्कोहोल. तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद, शंभर, असं चढत जाऊन पेशीतलं सगळं पाणी काढून टाकायचं. त्या जागी इपॉक्सी रेझिन मुरवायचं आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ते दगडासारखं कडक होऊ द्यायचं.

मग काप. काचेची सुरी आम्ही स्वतः जाड काचेची पट्टी तोडून करायचो. हिऱ्याची सुरी महाग, ती जपून वापरायची. काप ६० ते ८० नॅनोमीटर जाडीचा हवा. एवढी जाडी डोळ्यांना कळत नाही, पण सुरीमागच्या पाण्यावर काप तरंगायला लागला की त्याच्या झाकेवरून कळते. चंदेरी असेल तर चांगला, सोनेरी दिसला तर जाड. तो ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलायचा, युरेनियम आणि शिसं यांच्या क्षारांनी रंगवायचा, आणि तेव्हा कुठे मायक्रोस्कोपमध्ये ठेवायचा.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगितलं, कारण तुमच्या मुलांनी "फोटो" म्हटलं की पेशीकडे कॅमेरा रोखला असं समजू नये. मायक्रोस्कोपखाली येते ती विषबाधा झालेली, पाणी काढून घेतलेली, प्लॅस्टिकमध्ये गाडलेली, कापलेली आणि जड धातू चढवलेली पेशी. एवढं होऊनही तिची रचना बहुतांशी शाबूत राहते, याचं मला अजून नवल वाटतं. पण बहुतांशी म्हणजे सगळी नव्हे.

आता मेसोसोम. १९५३ मध्ये अमेरिकेत चॅपमन आणि हिलियर यांनी बॅसिलस सेरियस या जिवाणूचे पातळ काप पाहिले. पेशीच्या कडेला, जिथे आडवी भिंत तयार होत होती तिथे, त्यांना काही पिंड दिसले. हा हिलियर म्हणजे तरुणपणी कॅनडात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बांधणाऱ्यांपैकीच एक. तेव्हा यंत्र हाताळता येत नव्हतं म्हणून चुकलं असं कुणी म्हणू नये. १९५८ मध्ये रिटर आणि केलेनबर्गर यांनी जिवाणूंसाठी ऑस्मियमची सुधारित पद्धत दिली. ती सगळीकडे रूढ झाली आणि तिच्यातही या गुंडाळ्या स्वच्छ दिसायच्या. १९६० मध्ये फिट्झ-जेम्स यांनी त्यांना मेसोसोम हे नाव दिलं.

नाव मिळालं की काम शोधलं जातं. जिवाणूत श्वसन करणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नाही, मग श्वसन कुठे होतं? पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणारे तर्कूचे धागे नाहीत, मग डीएनएच्या दोन प्रती दोन पेशींत नीट कशा जातात? १९६३ मध्ये जेकब, ब्रेनर आणि क्यूझँ यांनी मांडलं की डीएनए पटलाला चिकटलेलं असावं आणि पटल वाढेल तशा दोन्ही प्रती एकमेकींपासून दूर जात असाव्यात. आणि फोटोत तर डीएनएचा पुंजका मेसोसोमला टेकलेला दिसत होता! तर्क सुंदर, पुरावा डोळ्यांसमोर. मी त्या काळात असते तर मीही मान्य केलं असतं. पुस्तकातली मेसोसोमची कामं मुख्यतः याच काळातली आहेत.

पण प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. मेसोसोम वेगळे काढून तपासले तर काहींना त्यांत श्वसनाची एन्झाइमं मिळायची, काहींना नाही. त्याच सुमारास फ्रीझ-फ्रॅक्चर ही अगदी निराळी पद्धत वापरात आली. तिच्यात पेशी झटकन गोठवायची, निर्वातात तडकवायची, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर प्लॅटिनम आणि कार्बनचा थर चढवायचा आणि त्या थराचा फोटो घ्यायचा. अल्कोहोल नाही, रेझिन नाही. ॲम्स्टरडॅमला नानिंगा यांनी या पद्धतीनं बॅसिलस सबटिलिस पाहिला. आधी रसायनानं फिक्स करून गोठवला तर मेसोसोम दिसायचे, फिक्स न करता थेट गोठवला तर जवळजवळ नाहीतच. हा प्रयोग वर्गात अवश्य सांगा. जिवाणू तोच, यंत्र तेच, बदललं फक्त फिक्स करणं, आणि वस्तू आली-गेली.

१९७६ मध्ये पोर्तुगालच्या एका गटानं शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारलं की मेसोसोम खऱ्या रचना आहेत की कृत्रिम. १९८१ मध्ये झुरिकच्या गटानं तर शीर्षकातच त्यांना पद्धतीवर अवलंबून असलेलं कृत्रिम रूप म्हणून टाकलं.

तर त्यांना दिसलं काय? रसायनानं पेशी एका क्षणात थिजत नाही. रसायन बाहेरून आत शिरतं, पटलाची ताकद आधी जाते, आतला डीएनएचा पुंजका आकसतो, आणि या ओढाताणीत पटलाचा काही भाग आत ओढला जाऊन गुंडाळतो. म्हणजे मेसोसोम हा मरणाऱ्या पेशीच्या पटलाला पडलेला पीळ आहे. तो अगदीच निरर्थकही नाही. पटलावर घाव घालणाऱ्या काही प्रतिजैविक पदार्थांनी जिवाणू मारले की तशाच गुंडाळ्या दिसतात. आजच्या शोधनिबंधांत "मेसोसोमसारख्या रचना" असा उल्लेख येतो तो बहुधा पटलाला इजा झाल्याची खूण म्हणून.

नेकारकाठ

काचसुरीताई, फार सुंदर लिहिलंत. मी जर्मनीत हायडेलबर्गला जिवाणूंवर काम करतो. या गोष्टीचा पुढचा भाग याच गावात घडला, म्हणून थोडी भर घालतो.

इथल्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत १९८० च्या आसपास झाक दुबोशे पाणी गोठवण्याच्या मागे लागले होते. अडचण अशी की पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशीच्या चिंधड्या करतात. पाण्याला स्फटिक होण्याइतका वेळच मिळू द्यायचा नाही, हा त्यांचा मार्ग. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना असतो, पण नमुना त्यात बुडवला की भोवती वायूचा थर होतो आणि थंडी आत पोचायला उशीर लागतो. म्हणून नायट्रोजननं थंड केलेल्या द्रव इथेनमध्ये नमुना झपकन सोडायचा. पाण्याचा पातळ थर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत काचेसारखा घट्ट होतो, स्फटिक होत नाहीत. पुढे तो साधारण उणे १३५ अंशांच्या खालीच ठेवायचा, नाहीतर स्फटिक धरू लागतात. पेशीला ना रसायन लागतं ना रंग, पाणी जागच्या जागी राहतं.

१९८३ मध्ये दुबोशे आणि सहकाऱ्यांनी असे गोठवलेले जिवाणू पाहिले. मेसोसोम नव्हते. दुबोशे यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल फ्रँक आणि हेंडरसन यांच्याबरोबर मिळालं, ते याच क्रायो पद्धतीसाठी. मुलांना नोबेलचा संदर्भ दिला की ती कान देतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्या पद्धतीनं मेसोसोम घालवला, तसं आधी कुणाला न दिसलेलं दाखवलंही. ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तिकेच्या, जिवाणूंत पटल आणि भित्तिका यांच्यामध्ये जागा नसते असं जुन्या कापांवरून वाटायचं. २००५ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फच्या मातियास आणि बेव्हरिज यांनी बॅसिलस सबटिलिसचे गोठवलेले काप पाहिले, तर तिथे स्पष्ट फट होती. पाणी काढताना जुन्या पद्धतीत ती मिटून जात होती. म्हणजे रसायनं नसलेलं दाखवतात तसं असलेलं लपवतातही.

भीमातीर

काचसुरीताई, नेकारकाठ, काय बोलू! हे मला कधीच कुणी असं सांगितलं नव्हतं. फिक्स न करता गोठवला तर नाही, हा प्रयोग फळ्यावर काढूनच दाखवणार.

दोन शंका उरतात. मेसोसोम नसेल तर ती कामं कोण करतं? आणि मागच्या बाकावरचा तो गॉल्जी?

नेकारकाठ

कामांचं मी सांगतो. श्वसनाची एन्झाइमं थेट प्रद्रव्यपटलातच असतात, त्यासाठी वेगळा अवयव लागत नाही. जिवाणू इतका लहान की घनफळाच्या मानानं त्याला पटल भरपूर मिळतं. आडवी भित्तिका जिथे बांधायची तिथे एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं तयार होतं. १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस यांनी सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) वापरून ते ई. कोलाय या जिवाणूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं दाखवलं. पुढे तेच प्रथिन जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून जिवंत जिवाणूत पाहिलं, तिथेही मध्यावर तेच कडं. एफटीएसझेड हे आपल्या पेशींतल्या ट्युब्युलिनचं, म्हणजे तर्कूचे धागे ज्याचे बनतात त्या प्रथिनाचं, नातेवाईक आहे. डीएनएच्या वाटपासाठी अनेक जिवाणूंत पार प्रथिनांची जोडी आणि एसएमसी प्रथिनं काम करतात. डीएनएचं वाटप नेमकं कसं होतं याचं सगळं चित्र अजून पूर्ण झालेलं नाही, आणि तेही मुलांना सांगायला हरकत नाही.

एक सावधगिरी: जिवाणूंत आतली पटलं कधीच नसतात असं मात्र शिकवू नका. नील-हरित जिवाणूंतली प्रकाशसंश्लेषणाची पटलं अस्सल आहेत, गोठवलेल्या नमुन्यांतही ती व्यवस्थित दिसतात.

काचसुरी

गॉल्जीचं मी घेते, माझा आवडता विषय आहे.

कामिलो गॉल्जी इटलीतल्या पाव्हिया इथले. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून चेतापेशी काळ्या करण्याची त्यांची पद्धत १८७३ ची. तिच्याच सुधारित रूपानं १८९८ मध्ये त्यांना गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या पर्किंजे पेशींत केंद्रकाभोवती एक जाळी दिसली. ही चांदीची पद्धत भारी लहरी. आज जमली, उद्या त्याच बाटल्यांतून नाही. जिवंत पेशीत तर ती जाळी साध्या मायक्रोस्कोपखाली दिसायचीच नाही.

आणि बरोबर पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, इंग्लंडमध्ये हार्डी यांनी एक प्रयोग केला. पेशीच घेतली नाही! अंड्याचा पांढरा बलक आणि जिलेटिनसारखे पदार्थ घेऊन त्यांवर तीच फिक्स करण्याची रसायनं टाकली. लोक पेशीद्रव्यात पाहत होते तशीच जाळी त्यात तयार झाली. आता सांगा, यानंतर गॉल्जींच्या जाळीवर कोण डोळे मिटून विश्वास ठेवील? शंका घेणारे मूर्ख नव्हते, त्यांच्याकडे पक्का प्रयोग होता. जवळपास अर्धं शतक हा वाद चालला आणि चांगल्या चांगल्या पेशीशास्त्रज्ञांनी गॉल्जी पिंडाला चांदीचा खेळ मानलं.

१९५४ मध्ये डाल्टन आणि फेलिक्स यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चपट्या पिशव्यांच्या चवडी दाखवल्या. चांदीचा एक कणही न वापरता, आणि त्याच जागी. नंतर त्या पिशव्यांतली एन्झाइमं सापडली. पेशी फोडून तो भाग वेगळा काढता आला आणि बाहेरही तो प्रथिनांना साखरेचे रेणू जोडण्याचं आपलं काम करत राहिला. १९९० च्या दशकात तर त्याची एन्झाइमं त्याच हिरव्या प्रथिनाला जोडून जिवंत पेशीत गॉल्जी चमकताना, विरघळताना आणि पुन्हा जमताना पाहिला गेला. ब्रेफेल्डिन ए नावाचं बुरशीपासून मिळणारं रसायन दिलं की तो पसरून जातो, काढून घेतलं की परत उभा राहतो.

म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाला सांगा की गॉल्जी आणि मेसोसोम दोघांवरही तोच आरोप आला होता. पद्धती बदलत गेल्या तसतसा गॉल्जीचा पुरावा वाढला आणि मेसोसोमचा आटला. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पद्धतींनी तीच वस्तू त्याच जागी दाखवली, तरच ती पेशीची. एकाच पद्धतीचे हजार फोटो असले तरी तो पुरावा एकच. कारण त्या हजारही फोटोंत तीच बाटली ओतलेली असते.

रानजाई

एक जोडप्रश्न. पुस्तकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे म्हणून रंगीत फोटो येतात, जांभळं केंद्रक, केशरी तंतुकणिका. ते रंग कुठून येतात?

काचसुरी

ते नंतर भरलेले असतात. इलेक्ट्रॉनला रंग नसतो, मूळ चित्र काळं-पांढरं-करडंच. अवयव वेगळे कळावेत म्हणून रंग देतात, त्यात गैर काही नाही, फक्त खाली तसं लिहायला हवं. चमकणाऱ्या प्रथिनांच्या चित्रांतही यंत्रातला डिटेक्टर फक्त उजेडाची तीव्रता मोजतो, कुठल्या वाहिनीला कुठला रंग द्यायचा ते आपण ठरवतो. पण रंगानं वस्तू निर्माण होत नाही, त्यामुळे मेसोसोमसारखा धोका तिथे नाही. जास्त काळजी रेखाचित्रांची घ्या. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मेसोसोम रायबोसोमइतक्याच ठामपणे काढलेला असतो. कुठली रेघ किती पुराव्यावर उभी आहे ते आकृतीत दिसत नाही.

भीमातीर

सोमवारचं असं ठरवलं आहे. आधी रसायनानं फिक्स केलेल्या आणि थेट गोठवलेल्या जिवाणूची दोन चित्रं नावं झाकून देणार आणि काय काय दिसतं ते मुलांनाच लिहायला लावणार. मग नानिंगांचा प्रयोग फळ्यावर. हार्डींचा प्रयोग तर प्रयोगशाळेत प्रत्यक्षच करावा असं मनात आहे. ऑस्मियम आमच्याकडे नाही आणि मुलांच्या हाती ते देणारही नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर अल्कोहोल टाकून चालेल का? साधा मायक्रोस्कोप आहे, ४० पट भिंगापर्यंतचा.

काचसुरी

चालेल, आणि अवश्य करा. पांढरा बलक पाण्यात निम्मा पातळ करून फडक्यातून गाळा, म्हणजे आधीचे धागे निघून जातील. काचपट्टीवर एक थेंब पसरा, आच्छादक काच ठेवा, आणि रसायन टाकण्याआधी मुलांना पाहू द्या. काहीच दिसत नाही हे त्यांनी वहीत लिहायला हवं, ते महत्त्वाचं. मग काचेच्या एका कडेला अल्कोहोलचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घ्या, उजेड कमी करा, आणि जिथून अल्कोहोल शिरतंय त्या सरहद्दीवर फोकस धरा. दाणे आणि तंतू धरायला लागलेले दिसतील. अल्कोहोल वेगवेगळ्या तीव्रतेचं घेऊन गट करा, पोत बदलतो का ते पाहायला सांगा. स्पिरिटचा दिवा मात्र टेबलाजवळ नको.

त्या मुलीनं वहीत काय लिहिलं ते इथे नक्की कळवा.